धनेशाच्या ढोलीखाली पोहे
बेळगावाहून पहाटे साडेचारला निघायचे, खानापूर आणि जांबोटी मागे टाकून भीमगडच्या रानाच्या कडेला पोहोचायचे आणि उतरल्याबरोबर कोणीतरी गाडीचे दार धाडकन आपटायचे, हे आता प्रत्येक सहलीला ठरूनच गेले आहे. मार्चमध्ये धनेश (हॉर्नबिल) पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन बसलेली असते. ढोलीचे तोंड लिंपून उरलेल्या चिंचोळ्या फटीतून नर तिला फळे भरवतो आणि खाली माणसांची वर्दळ दिसली, की तो दूरच्याच फांदीवर ताटकळत राहतो. नेमक्या त्या झाडाखाली आमच्या मंडळींनी परवा पोह्यांचा डबा उघडला, त्याचे स्टीलचे झाकण खडकावर पडून कितीतरी वेळ गरगरत राहिले आणि "वाघ कधी दिसणार हो?" असे एका काकांनी तिसऱ्यांदा विचारले. (वाघ काय, तिथे मुंगूसही थांबले नसते.) त्याहून संताप येतो तो मोबाइलवर पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवणाऱ्यांचा, कारण प्रतिस्पर्धी आला असे समजून बिचारा कर्णा पक्षी पुन्हापुन्हा धावून येतो आणि ऐन विणीच्या दिवसांत त्याची शक्ती फुकट जाते. आयोजकांकडे तक्रार करावी, तर "लोकांनी पैसे भरलेत, फोटो तर मिळायला हवा ना," हे उत्तर तयारच असते.