‘एवढ्या वजनाला टायर चेन कशाला?’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

हिवाळ्यातल्या घाटांतून फ्लॅटबेडवर (उघड्या, सपाट ट्रेलरवर) मापाबाहेरचा माल नेण्याबद्दलच्या लेखावर तुम्ही चार आक्षेप घेतले आहेत. एक, 50 टनांपुढच्या गाडीला वजनामुळेच पकड मिळते, त्यामुळे टायर चेनचा आग्रह म्हणजे वाचकांना घाबरवणं. दोन, उतारावर इंजिन ब्रेक, म्हणजे इंजिनाच्याच विरोधाने गाडी रोखणं, पुरेसा असतो. तीन, नियमाप्रमाणे बांधलेला माल वाटेत पुन्हा तपासायची गरज नाही, कारण थंडीत साखळी आकसून आणखी घट्ट होते. चार, बर्फ पडत असताना अशा वाहतुकीचा परवानाच लागू राहत नाही, मग हा सगळा खटाटोप कशासाठी? प्रश्न अनुभवी माणसाचे आहेत, म्हणून उत्तर आकड्यांसकट देतो.

वजनापासून सुरुवात करू. वजन वाढलं की पकड वाढते हे खरं आहे, पण चढावर पकड फक्त ड्राइव्ह अॅक्सलवरच्या, म्हणजे इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांच्यावरच्या, वजनातून मिळते आणि ओढायचं मात्र सगळं वजन असतं. 36 टनांच्या नेहमीच्या गाडीत ड्राइव्ह अॅक्सलवर साधारण 15.5 टन येतात, म्हणजे 43 टक्के. माल वाढला की ट्रेलरला जादा अॅक्सल लागतात. 54 टनांच्या गाडीत ड्राइव्हवर 20 टन आले, तर तो वाटा 37 टक्क्यांवर उतरतो. जितकं वजन जास्त तितका हा वाटा कमी, आणि तुमच्या युक्तिवादातून नेमकं हेच सुटलं आहे.

आता 6 टक्क्यांचा चढ घ्या. 54 टनांना मागे खेचणारं बळ 3.24 टन, त्यात चाकांच्या घरंगळण्याचा विरोध साधारण अर्धा टन. म्हणजे पावणेचार टन जोर लागणार. घट्ट दाबलेल्या भुसभुशीत हिमावर घर्षणांक (पकडीचं वजनाशी गुणोत्तर) 0.2 धरला तर ड्राइव्हची चाकं 4 टन देतात, म्हणजे गाडी जेमतेम चढते. काचेसारख्या गोठलेल्या बर्फाच्या थरावर घर्षणांक 0.1 होतो आणि मिळतात फक्त 2 टन. त्या ठिकाणी गाडी थांबते आणि बहुतेक वेळा मागे सरकू लागते. इथे इंजिनाच्या ताकदीचा काही उपयोग नाही.

या मुद्द्यात माझी एक चूक तुमच्यामुळे लक्षात आली. मूळ लेखात बर्फासाठी मी एकच आकडा दिला होता, तो अपुरा होता. उणे 20 अंशांचा कोरडा बर्फ बऱ्यापैकी पकड देतो. शून्याच्या आसपासच्या बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि घर्षणांक 0.1 च्याही खाली जातो. कडाक्याच्या थंडीच्या रात्रीपेक्षा ऊन लागून गेल्यानंतरची संध्याकाळ जास्त घातक असते, हे लेखात यायला हवं होतं. दुरुस्ती केली आहे.

इंजिन ब्रेकचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त काळजीचा वाटतो, कारण कोरड्या रस्त्यावर तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि तीच सवय बर्फावर अंगाशी येते. त्याच 6 टक्क्यांच्या उतारावर घरंगळण्याचा विरोध वजा जाता 2.7 टन बळ धरून ठेवावं लागतं. इंजिन ब्रेक फक्त ड्राइव्हच्या चाकांवर काम करतो आणि बर्फावर ती चाकं 2 टनांपेक्षा जास्त धरूच शकत नाहीत. त्याहून जोर दिला की ती घसरायला लागतात. घसरणाऱ्या चाकाला बाजूची पकड उरत नाही, मागून ट्रेलर रेटतो आणि ट्रॅक्टर, म्हणजे गाडीचा पुढचा ओढणारा भाग, आडवा होतो. जॅकनाइफ होतं ते असं.

म्हणून माथा यायच्या आधीच खालचा गिअर, इंजिन ब्रेक सर्वांत कमी टप्प्यावर किंवा बंद, डिफरन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकाच वेगाने फिरवणारं) काढलेलं, आणि पायाचा ब्रेक हलका पण सलग, म्हणजे प्रत्येक चाक आपला वाटा उचलेल. नुसता ट्रेलरचा हँड व्हॉल्व्ह ओढू नये. त्याने ट्रेलरची चाकं अडकतात आणि मागचं टोक बाजूला फिरतं. सगळी चाकं नीट धरत असली, चाकं अडकू न देणारं एबीएस चालू असलं, तरी अशा बर्फाळ उतारावर 30 च्या वेगाने थांबायला सुमारे 90 मीटर लागतात आणि 60 च्या वेगाने सुमारे 350. वेग दुप्पट, अंतर चौपट.

टायर चेन ड्राइव्हवर लावतोच, पण उतारासाठी ट्रेलरच्या किमान एका अॅक्सलवरही दोन्ही बाजूंना लावावी, मागचं टोक सरळ राहतं. लावताना आडव्या कड्यांच्या हुकांची टोकं टायरपासून बाहेरच्या बाजूला हवीत, आत राहिली तर टायर चिरतात. कुठेही पीळ नको. आतली बाजू आधी अडकवायची, मग बाहेरची, मग चेन ताणणारे कॅम आवळायचे. अर्धा ते एक किलोमीटर जाऊन थांबायचं आणि पुन्हा आवळायचं, कारण पहिल्या फेऱ्यांत चेन बसते आणि सैल होते. वेग 50 च्या खाली. उघड्या डांबरावर धावत राहिलं की आडवी कडी तुटते, आणि ती फटकारत ब्रेकची एअर लाइन फाडते. चेन लावायची जागाही आधी ठरवावी लागते. साडेचार मीटर रुंदीचा माल साडेतीन-पावणेचार मीटरच्या लेनमध्ये उभा करून चाकाशी वाकणं म्हणजे जिवाशी खेळ.

आता माल बांधणं. अमेरिकेचे नियम आणि युरोपचं मानक दोन्ही मानतात की माल पुढच्या दिशेने वजनाच्या 0.8 पट आणि बाजूला 0.5 पट बळ सोसेल इतका बांधलेला हवा. 20 टनांचं खोदकाम यंत्र असेल तर बाजूला 10 टन. कोरड्या लाकडी तळावर यंत्राच्या पोलादी ट्रॅकचा (चाकांऐवजी असलेल्या साखळीपट्ट्याचा) घर्षणांक 0.4 धरला तर 8 टन घर्षणच पेलतं आणि साखळ्यांना 2 टन उरतात. तळावर बर्फ किंवा दहिवर (गोठलेलं दंव) असेल तर युरोपचं मानक 0.2 पेक्षा जास्त धरूच देत नाही. मग साखळ्यांवर 6 टन येतात. ट्रॅकखाली बर्फाचा थर राहिला आणि 0.1 झालं तर 8 टन. यंत्र तेच, साखळ्या त्याच, भार चौपट.

अमेरिकेच्या नियमात ट्रेलरपासून थेट मालाला अडकवलेल्या साखळीची निम्मीच क्षमता मोजतात आणि एकूण बेरीज मालाच्या वजनाच्या निम्मी लागते. ग्रेड 70 (पोलादाचा एक दर्जा) ची अर्ध्या इंचाची साखळी 5.1 टनांची, अशा चार निम्म्या हिशेबाने 10.2. नियम पुरा झाला. पण एका बाजूला सरकण्याला विरोध करतात त्यातल्या दोनच, आणि तिरक्या असल्यामुळे त्यांच्यातून आडवं बळ मिळतं फार तर 5-6 टन. साखळी लगेच तुटेल असं नाही, तुटण्याची मर्यादा तिच्या नेमून दिलेल्या क्षमतेच्या चौपट असते. पण ती ताणली जाते, माल हलतो, आणि हललेला माल पुढच्या वळणावर धक्का देतो. बर्फाच्या वाटेवर सहा किंवा आठ साखळ्या, आणि माल चढवण्याआधी तळ व ट्रॅक खरवडून स्वच्छ. खाली रबरी मॅट घातली तर फार फरक पडतो, मात्र तीही कोरडी हवी.

थंडीने साखळी घट्ट होते हा समज खूप जणांचा आहे. तीन मीटरची साखळी 30 अंशांच्या फरकाने जेमतेम एक मिलिमीटर आकसते, आणि पोलादी ट्रेलरही तितकाच आकसतो. फायदा शून्य. उलट ट्रॅकमध्ये गोठलेला चिखल, यंत्राखाली अडकलेला बर्फ, ओल्या लाकडी ठोकळ्यांवरचं दहिवर, हे सगळं हादऱ्यांनी चिरडून निघून जातं आणि तेवढी ढिलाई साखळीत येते. दरीत खणखणीत वाजणारी साखळी माथ्यावर हाताने हलते ती यामुळे. घाट सुरू होण्याआधी आणि माथ्यावर, दोन्ही ठिकाणी हात लावून बघायचं. साखळी आवळणाऱ्या रॅचेट बाइंडरचे आटे गोठू नयेत म्हणून कोरडं वंगण द्यावं. बर्फ धरलेला लिव्हर बाइंडर (एका दांड्याने झटक्यात आवळायचा) निसटला की हात मोडतो, तो हिवाळ्यात वापरूच नये.

परवान्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. रस्ता गोठला किंवा दिसेनासं झालं की मापाबाहेरच्या मालाने थांबायचं, अशी अट सहसा असते आणि ती पाळलीच पाहिजे. पण हवामान बिघडतं तेव्हा गाडी रस्त्यावर असते. पायथ्याशी पाऊस आणि हजार मीटर वर बर्फ, हे घाटात रोजचं आहे. 25 मीटर लांबीची गाडी कुठल्याही साइडपट्टीवर मावत नाही. पुढच्या रुंद जागेपर्यंतचे ते सहा-आठ किलोमीटर सुखरूप पार करायचे असतात, आणि लेख त्या किलोमीटरांसाठी आहे.

त्या टप्प्यात तीन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पुलाखालची पाटीवरची उंची उघड्या रस्त्यावरून मोजलेली असते. 8-10 सेंटिमीटर दाबलेला बर्फ साचला की तेवढी जागा कमी होते, म्हणून पुढे चालणाऱ्या पायलट गाडीच्या उंचीच्या काठीवर भरवसा ठेवावा, पाटीवर नाही. दुसरं, मालावर साचलेला बर्फ. 12 बाय 4 मीटरवर 20 सेंटिमीटर ताजा बर्फ म्हणजे जवळजवळ एक टन, ओला असेल तर तीन, आणि तोही सगळ्यांत वर. तिसरं, बाजूला उतरता असलेला वळणाचा रस्ता. हिमाच्या प्रदेशात हा उतार 8 टक्क्यांपेक्षा जास्त ठेवत नाहीत, कारण घर्षणांक 0.1 असेल तर 8 टक्क्यांवर उभी गाडीसुद्धा आतल्या बाजूला सरकण्याच्या बेतात असते. म्हणून वळणावर थांबू नये, रांगतही जाऊ नये. पायलट गाडीने वळणापलीकडची वाट मोकळी असल्याचं वायरलेसवर सांगितल्यावरच आत शिरावं.

वाऱ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हलक्या आणि रुंद मालाला तोच पहिला शत्रू. 2,500 मीटर उंचीवर ताशी 80 किलोमीटरचा आडवा वारा 36 चौरस मीटरच्या बाजूवर सुमारे एक टन जोर लावतो. रिकामी टाकी धरून गाडी 22 टनांची असेल, तर बर्फावर तिची बाजूची सगळी पकड 2.2 टन, आणि ब्रेक लावला की त्यातलीही कमी होते. अशा गाडीला वाऱ्यासाठी थांबवावं लागतं, मग रस्त्यावर बर्फ दिसो वा न दिसो.