पाखरं आणि खुर्ची

मे २०२३ मध्ये मामा आमच्याकडे ऑक्सफर्डला आले होते. कराड तालुक्यात ग्रामसेवक म्हणून हयात गेलेला माणूस. कॉलेजांच्या इमारती दोन दिवसांत बघून झाल्या आणि नेमका ११ मेला शिवसेना फुटून झालेल्या सत्तासंघर्षाचा निकाल आला. मग मामा सोफ्यावर, हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये चार-पाच जण एकाच वेळी तावातावाने बोलताहेत. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते चुकलं. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्याने त्यांना परत बसवता येत नाही आणि आमदारांच्या अपात्रतेचं विधानसभा अध्यक्षांनी वाजवी वेळेत ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. त्यात जिंकलं कोण, यावर तीन दिवस काथ्याकूट चालला. चौथ्या दिवशी मी मामांना गाडीत घातलं आणि बर्फर्डला नेलं.

बर्फर्ड म्हणजे उतारावरचा एक लांब रस्ता, दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाची दगडी घरं, तळाशी विंडरश नदी आणि नदीजवळ चर्च. पर्यटक इथे चहा-केक खायला येतात. मी मामांना थेट चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी उभं केलं. कुंडाच्या कडेच्या शिशावर वेडीवाकडी अक्षरं खरवडली आहेत : अँथनी सेडली, १६४९, प्रिझ्नर. मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोट फिरवलं आणि म्हणाले, "स्पेलिंग चुकलंय की गं. एक ओ खाल्लाय पोरानं."

हा सेडली राजाचा कैदी नव्हता. राजाविरुद्ध लढून जिंकलेल्या, पार्लमेंटच्याच सैन्याने त्याला इथे कोंडलं होतं. ते मामांना सांगायचं तर आधी युद्ध सांगणं आलं.

पहिला चार्ल्स १६२५ मध्ये गादीवर आला. आपण फक्त देवाला उत्तरदायी, अशी त्याची पक्की समजूत. १६२९ ते १६४० अशी अकरा वर्षं त्याने पार्लमेंट बोलावलंच नाही. पैसे तर लागणारच. मग किनाऱ्यावरच्या गावांनी आरमारासाठी द्यायचा कर त्याने समुद्र न पाहिलेल्या जिल्ह्यांवरही बसवला. "जहाजपट्टी," मामा म्हणाले. घरपट्टी-पाणीपट्टी वसूल करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आणखी काही समजावावं लागलं नाही. जॉन हॅम्पडनने ती भरायला नकार दिला, बारा न्यायाधीशांपुढे खटला चालला आणि राजा सात विरुद्ध पाच असा जिंकला. असलं जिंकणं हरण्यासारखंच.

मग तो दिवस. ४ जानेवारी १६४२. चार्ल्स चारेकशे हत्यारबंद माणसं घेऊन कॉमन्सवर, म्हणजे पार्लमेंटच्या निवडलेल्या सभागृहावर चालून गेला. पिम, हॅम्पडन आणि आणखी तिघे अशा पाच सदस्यांना त्याला देशद्रोहासाठी धरायचं होतं. खबर आधीच फुटली होती आणि पाचही जण नावेतून थेम्सवरून लंडन शहरात पसार झाले होते. राजा अध्यक्षांच्या खुर्चीशी गेला, "तुमची खुर्ची जरा घेतो" म्हणाला, सभागृहावर नजर फिरवली आणि बोलला, "माझी सगळी पाखरं उडालेली दिसतात."

मामा चर्चमध्ये खदखदून हसले. २०२२ च्या जूनमधलं सुरत आणि गुवाहाटी त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असणार. म्हणाले, "ह्यांची पाखरं राजाला भिऊन उडाली. आपली राजाच्याच विमानातनं."

राजाने अध्यक्ष विल्यम लेन्थॉलला विचारलं, ते पाच जण कुठे आहेत? लेन्थॉल गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, महाराज, या जागी मला बघायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. ज्याचा मी सेवक आहे ते सभागृह सांगेल तेवढंच. त्या दिवसानंतर कॉमन्सचं कामकाज चालू असताना इंग्लंडचा कुठलाही राजा किंवा राणी आत पाऊल टाकू शकलेली नाही. अधिवेशनाच्या उद्घाटनाला राजाचा दूत येतो, त्याच्या तोंडावर दार धाडकन लावलं जातं, तो काठीने तीनदा ठोकतो आणि मग आत घेतात. इथे नवी असताना मला हा सगळा तमाशा वाटायचा. आता तसं वाटत नाही.

आपल्याकडच्या चर्चेत नेमकं हेच हरवलेलं असतं. कुठला गट खरा, गद्दार कोण, धनुष्यबाण कुणाचा, यावर आपण रात्री जागवतो. ज्या खुर्चीत बसून अपात्रतेचं ठरायचं ती खुर्ची कुणाची, हे कुणी विचारत नाही. इथे अध्यक्ष निवडून आला की स्वतःचा पक्ष सोडतो, निवृत्तीनंतरही पुन्हा त्यात जात नाही. निवडणुकीत मोठे पक्ष सहसा त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. आपला अध्यक्ष पक्षातच राहतो, पुढच्या तिकिटासाठी पक्षाच्याच दारात उभा राहतो आणि त्याने पक्षांतराचा न्याय करावा अशी आपली अपेक्षा.

हे मी जरा ऐटीत मामांना ऐकवलं. परदेशात राहिलं की ही ऐट येतेच. मामा बाकावर टेकले आणि म्हणाले, "तेवढ्यासाठी लंडन कशाला? सरपंचावर अविश्वास ठराव आला की खुर्चीत सरपंच बसत नाही, तहसीलदार बसतो. कायद्यातच आहे. सदस्य सहलीला नेतात, महाबळेश्वरला ठेवतात, सगळं होतं. पण मोजायला तहसीलदारच."

पन्नाशीची मी, आणि हे मला माहीत नव्हतं. ग्रामपंचायतीला जी अक्कल आहे ती विधानभवनाला का नाही, हा प्रश्न एकाही वाहिनीवर मी ऐकलेला नाही.

आता इथलं सगळं गोडच, असंही नाही. इथे पक्षांतरबंदी कायदा नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये हुजूर पक्षाच्या एकवीस खासदारांनी स्वतःच्याच सरकारविरुद्ध मत दिलं. पक्षाने त्यांना गटातून काढलं, पण खासदारकी शाबूत राहिली. हे मला हेवा वाटण्यासारखं आहे. तरी हरियाणातल्या १९६७ च्या आयाराम-गयारामनंतर आपण १९८५ मध्ये कायदा केला तो उगाच नाही. तो नसता तर आपल्याकडे घोडेबाजार बारमाही भरला असता. आणि त्याच सप्टेंबरमध्ये इथल्या पंतप्रधानांनी राणीच्या सहीने पार्लमेंट पाच आठवडे बंद ठेवायचा घाट घातला. अकराच्या अकरा न्यायाधीशांनी तो बेकायदा ठरवला, म्हणून निभावलं. लॉर्ड्स या वरच्या सभागृहात न निवडलेली माणसं अजून बसतात, ते वेगळंच.

लेन्थॉलही काही वीरपुरुष नव्हता. राजाविरुद्धचं युद्ध जिंकलेल्या सैन्याने १६४८ च्या डिसेंबरमध्ये नकोशा खासदारांना दारातच अडवलं, उरलेल्यांनी राजावर खटला उभा केला आणि ३० जानेवारी १६४९ ला चार्ल्सचं मुंडकं उडवलं. या सगळ्यात लेन्थॉल खुर्चीत होता. १६५३ मध्ये त्या सैन्याचा सेनापती क्रॉमवेलने पार्लमेंटच हाकलून दिलं तेव्हा त्याला हात धरून खुर्चीवरून उतरवावं लागलं. राजेशाही परतल्यावर त्याने जुन्या सहकाऱ्याविरुद्ध साक्ष दिली. शेवटी हाच बर्फर्डमध्ये येऊन मेला आणि याच चर्चमध्ये पुरला गेला. स्मारक नको, फक्त 'मी किडा आहे' एवढं लॅटिनमध्ये लिहा, असं त्याने सांगून ठेवलं होतं. राजाला ऐकवलेल्या त्या एका वाक्यापुरती मात्र खुर्ची त्याच्यापेक्षा मोठी होती.

आणि सेडली? तो लेव्हलर्सच्या बाजूचा. गरिबालाही मताचा अधिकार हवा, असं म्हणणारी ती मंडळी. थकलेला पगार द्या, आम्ही आयर्लंडवर जाणार नाही, म्हणून त्यांच्या बाजूच्या शिपायांनी बंड केलं. क्रॉमवेलने रात्री छापा घालून तीनशे चाळीस जणांना या चर्चमध्ये कोंडलं. १७ मे १६४९ ला तिघांना आवारात गोळ्या घातल्या आणि बाकीच्यांना छपरावर चढवून ते बघायला लावलं. इंग्लंडच्या सगळ्या पुरुषांना मत मिळालं १९१८ मध्ये, बायकांना बरोबरीने १९२८ मध्ये. आपल्या आजीला पहिल्याच निवडणुकीत मिळालं.

"महाराज तेव्हा कुठं होते?" मामांनी विचारलं. हा प्रश्न येणारच होता. एकोणीस वर्षांचे; शहाजीराजे त्याच सुमारास आदिलशहाच्या कैदेतून सुटत होते. मग मी सांगितलं की मारलेल्या राजाचा मुलगा १६६० मध्ये परत आला, त्याचं लग्न पोर्तुगालच्या राजकन्येशी ठरलं आणि हुंड्यात मुंबई मिळाली. १६६८ मध्ये त्याने ती कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. मामांनी मनात काहीतरी हिशेब केला. "आमच्या बाजारातल्या गाळ्याला जास्त पडतं."

१० जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. अध्यक्षांचा निकाल लागला होता. दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र नाही.

"मग फुटलं कोण गं?" मामांनी विचारलं. मला काही सुचेना. थोडं थांबून म्हणाले, "तो शिशावरचा फोटो आहे का तुझ्याकडं, स्पेलिंग चुकलेला? पाठव. ग्रुपवर टाकतो."