काका, ते ‘सिंगल सीटर’ घेण्याआधी हे वाचा

लेस्टरच्या काकांनी परवा रात्री साडेअकराला एक फॉरवर्ड पाठवला. खाली स्वतःची ओळ: “अरे, लायसन्सच लागत नाही म्हणे! बघू का एखादं जुनं?” काका त्रेसष्ट वर्षांचे, नुकतेच निवृत्त, गाठीला चार पैसे. म्हणजे नेमकं गिऱ्हाईक.

मेसेजचं म्हणणं असं: ब्रिटनमध्ये एका सीटचं मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलकं, छोटं विमान, सरकारने नियमांतून मोकळं केलंय, परवाना नको, शिकवणी नको, यूट्यूब बघून उडवा. शेवटी शेपूट: साठीनंतर परवाना मिळतच नाही आणि इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं कोसळतं. म्हणजे शिकू नका, पण उडवा. धन्य!

अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. 2014 साली तिथल्या नागरी विमान प्राधिकरणाने, म्हणजे सीएएने, एकसीटर मायक्रोलाइट्सना उड्डाणयोग्यतेच्या तपासणीतून सूट दिली. पण ही सूट विमानाला आहे, काका, तुम्हाला नाही! वैमानिकाला परवाना लागतोच. विमानाची नोंदणी लागते, थर्ड पार्टी विमा लागतो. पाठीला इंजिन बांधून धावत उडायचं ते पॅरामोटर. त्याला तिथे परवाना लागत नाही. कुणीतरी दोन्हींची खिचडी केलेली दिसते.

आता यूट्यूब. फ्लेक्सविंगमध्ये, म्हणजे त्रिकोणी कापडी पंखाच्या प्रकारात, हातात आडवा दांडा असतो. तो पुढे ढकलला की नाक वर जातं आणि वेग कमी होतो. डावीकडे वळायचं तर दांडा उजवीकडे न्यायचा. जमिनीवर तर आणखी उलटं: उजवा पाय दाबला की पुढचं चाक डावीकडे वळतं. चाळीस वर्षं मोटार चालवलेला माणूस घाबरला की हातपाय सवयीने काय करतील? आणि एकाच सीटच्या विमानात चूक सावरायला मागे कुणी नसतं. पहिलंच उड्डाण, तेही एकट्याने!

वयाचं झटपट सांगतो. परवान्याला वरची वयोमर्यादा नाही. बहुतेकांना तब्येतीचं स्वयंघोषणापत्र पुरतं, सत्तरीनंतर ते दर तीन वर्षांनी द्यायचं. पूर्ण परवान्याला किमान 25 तास उड्डाण, त्यातले 10 एकट्याने, शिवाय 40-40 सागरी मैलांच्या दोन एकट्याच्या फेऱ्या. साठीत 25 तासांत क्वचितच भागतं, खिशाला चाट बसते, हे खरं.

इंजिन बंद पडलं तर विमान तरंगत उतरतं. 2,000 फुटांवरून तीनेक किलोमीटर सहज जातं. शेत निवडून उतरायचा सराव शिकवणीतच होतो, फॉरवर्डमध्ये नाही.

काकांना एवढंच उत्तर पाठवलं: दोन सीटच्या विमानात आधी एक धडा घ्या. पुढे तुम्ही, मागे शिक्षक. काकूंना मी कळवलंय.