‘कुलूपबाज’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

सबव्हर्जन म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याच्या सामायिक रिपॉझिटरीत, म्हणजे टीमच्या फाइलींच्या साठ्यात, ड्रॉइंगच्या फाइलींना लॉक (एका वेळी एकालाच बदल करू देणारं कुलूप) सक्तीचं करा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: “सांगलीच्या कुलूपबाजांनो, टीममध्ये बोलणं असेल तर लॉक लागतंच कशाला? रजेवर गेलेल्याचं लॉक कोण काढणार? आणि ऑटो-प्रॉप्स सर्व्हरवर नसतात.”

ऑटो-प्रॉप्स, म्हणजे नव्या फाइलीला आपोआप प्रॉपर्टी (गुणधर्म) लावणारी सेटिंग. त्याबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. सबव्हर्जनच्या 1.8 आवृत्तीच्या आधी ते प्रत्येकाच्या मशिनवरच्या कॉन्फिग फाइलीतच असायचे; 1.8 पासून ते रिपॉझिटरीतही ठेवता येतात. लेखात दुरुस्ती केली.

पण ‘कुलूपबाज’? मी पुण्यातून लिहिलं असतं तर हा शब्द तुमच्या बोटांवर आला असता का?

आणि बोलण्याचं मला सांगू नका. 2011 साली कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आम्ही चौघं एकाच खोलीत बसायचो, एकाच पिशवीतलं भडंग खायचो. बोलणं कमी होतं का? तरी पंपाच्या केसिंगचं एकच ड्रॉइंग दोघांनी सकाळी उघडलं. एकाने दुपारी कमिट केलं, म्हणजे आपले बदल सर्व्हरवर नोंदवले. दुसऱ्याचं कमिट संध्याकाळी सर्व्हरने नाकारलं, कारण त्याची प्रत आता जुनी झाली होती. बायनरी फाइल, तिच्यात मजकुराच्या ओळी नसतात; दोघांचे बदल मर्ज, म्हणजे एकत्र, कसे करणार? त्याने घाईत आपलीच प्रत वर चढवली, पहिल्याची मापं गेली आणि तेच ड्रॉइंग ओतकामासाठी लाकडी नमुना बनवणाऱ्या पॅटर्नवाल्याकडे पोचलं. तो चुकीचा लाकडी पॅटर्न भंगारात मी स्वतःच्या हाताने टाकलाय.

2005 साली सबव्हर्जनच्या 1.2 आवृत्तीत लॉक आलं ते अशाच फाइलींसाठी. नुसतं “लॉक घ्या” सांगून भागत नाही, कारण विसरणाऱ्याला ते कळतं थेट कमिटच्या वेळी, दोन दिवसांचं काम झाल्यावर. नीड्स-लॉक प्रॉपर्टी लावली की लॉक घेईपर्यंत फाइल फक्त वाचता येते. अडायचं ते सुरुवातीलाच अडतं. आणि ती प्रॉपर्टी नसलेली नवी ड्रॉइंग फाइल प्री-कमिट हुकने, म्हणजे कमिट स्वीकारण्याआधी चालणाऱ्या स्क्रिप्टने, परत पाठवायची. हुक सर्व्हरवर असतो, कुणाच्या मशिनवर काय सेटिंग आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे सगळं लेखात होतं. शेवटपर्यंत वाचायची तसदी घ्यायला हवी होती. सोर्स कोडला लॉक लावा, असं मी एका ओळीतही म्हटलेलं नाही.

रजेवाल्याचं लॉक ‘फोर्स’ हा पर्याय देऊन तोडता येतं. त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

मतभेद खुशाल ठेवा. तो शब्द मात्र मागे घ्या.