ठराव मंजूर झाला म्हणजे नियम झाला नाही

महानगरपालिकेच्या मुख्य सभेवरील, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेवरील, लेख वाचला. ‘मुख्य सभेने ठराव मंजूर केला की शहरात नियम लागू होतो’ हे त्यातील विधान अपुरे आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार उपविधी (पालिकेने शहरापुरता केलेला नियम) करायचा असेल तर त्याचा मसुदा आधी प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना विचारात घ्याव्या लागतात, त्यानंतर सभेची मान्यता लागते आणि राज्य शासनाने मंजुरी दिल्याशिवाय तो अमलात येत नाही. शिवाय सभेचा एखादा ठराव कायद्याशी विसंगत वाटल्यास तो निलंबित वा विखंडित (रद्द) करण्याचा अधिकारही शासनाकडे आहे.

पुणेकरांना हे मिळकतकराच्या उदाहरणावरून चांगले समजेल. स्वतः राहत असलेल्या घरांना १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत लेखापरीक्षणातील आक्षेपांनंतर शासनाच्या निर्णयाने थांबली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, तीही शासनाच्याच निर्णयाने.

निविदांचे व खर्चाचे बरेचसे निर्णय मुख्य सभेत नव्हे, तर १६ सदस्यांच्या स्थायी समितीत होतात. आयुक्तांचे अंदाजपत्रकही प्रथम तिथेच जाते, हे लेखात यायला हवे होते.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर सभा आणि समिती या दोहोंचे अधिकार शासनाने नेमलेल्या प्रशासकाकडे गेले व जाहीर चर्चा थांबली, याचे मला मनापासून दुःख वाटते. हरकतींची मुदत बहुतेकांना ती उलटून गेल्यावरच कळते. म्हणून लेखकाने पुढील लेखात हरकत लेखी कशी नोंदवावी, हे सविस्तर सांगावे, अशी विनंती आहे.