सूर्याचं वय आकडे फिरवून काढलेलं नाही

‘सूर्याच्या आतलं अभिसरण (तप्त वायू वर चढणं आणि निवून खाली येणं) शास्त्रज्ञांना अजून कळलेलं नाही. ते एक आकडा हवा तसा फिरवून हिशेब जुळवतात. म्हणजे सूर्याचं वय, गाभ्याचं तापमान, सगळा अंदाजच!’ अशा आशयाचा मजकूर बराच फिरतोय. यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, म्हणूनच पुढची चूक सहज गळी उतरते.

आधी वय. सुमारे 457 कोटी वर्षं हा आकडा सूर्याच्याच सुमारास जन्मलेल्या अशनींमधल्या, म्हणजे अवकाशातून पडलेल्या दगडांमधल्या, युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणावरून मिळतो. अभिसरणाचा तिथे संबंधच नाही.

गाभ्यात तर अभिसरण होतच नाही. तिथली ऊर्जा प्रारणाने, म्हणजे प्रकाशाच्या रूपात, बाहेर येते. खळबळ असते ती बाहेरच्या सुमारे 2 लाख किलोमीटर जाडीच्या थरात. गाभ्याचं दीड कोटी अंश तापमान न्यूट्रिनोंनी, म्हणजे गाभ्यातून थेट बाहेर येणाऱ्या सूक्ष्म कणांनी, तपासलं गेलंय. तापमान किंचित बदललं तरी त्यांची संख्या खूप बदलते, आणि 2002 साली कॅनडातल्या सडबरी वेधशाळेने केलेली मोजणी सिद्धांताशी जुळली.

आता तो बदनाम आकडा, ‘मिक्सिंग लेंथ’. तप्त वायूचा गोळा किती वर चढून आसपास विरतो, एवढंच तो सांगतो. खगोलशास्त्रज्ञ एरिका ब्योम-विटेन्झे यांची 1958 सालची मांडणी आजही वापरात आहे. हा आकडा मूळ नियमांतून निघत नाही, हे मान्य. पण 457 कोटी वर्षांनी सूर्याची त्रिज्या आजच्याइतकीच आली पाहिजे, या अटीने तो जखडलेला असतो. शिवाय त्याचा परिणाम मुख्यतः पृष्ठभागालगतच्या पातळ थरात होतो. आणि नेमक्या त्याच थराची नॉर्डलुंड आणि स्टाइन या शास्त्रज्ञांनी केलेली त्रिमितीय संगणकीय गणितं असा आकडा न वापरताच सूर्यावरचे हजारेक किलोमीटरचे, काही मिनिटांत विरणारे दाण्यांसारखे ठिपके दाखवतात. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषांचे आकारही निरीक्षणांशी जुळतात. मला सर्वांत भक्कम वाटतो तो हा पुरावा.

खरी अडचण खोलवर आहे. सध्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) असलेले श्रावण हनसोगे आणि सहकाऱ्यांनी 2012 साली दाखवलं, की तिथले मोठे प्रवाह संगणकीय गणितांपेक्षा कित्येक पटींनी मंद आहेत. 2015 साली दुसऱ्या गटाला बरेच जास्त वेग मिळाले. सूर्याचं विषुववृत्त ध्रुवांपेक्षा जलद का फिरतं, हेही अनेक गणितांत उलटं येत होतं. 2021 साली होत्ता आणि कुसानो या शास्त्रज्ञांनी जपानच्या फुगाकू महासंगणकावर ते सुलट मिळवलं. वेगांचं कोडं मात्र कायम आहे.

सूर्यावर बेतलेला हा ‘मिक्सिंग लेंथ’ आकडा लाल राक्षसी (उतारवयात फुगलेल्या) ताऱ्यांना जसाच्या तसा लावला, तर त्यांचं तापमान चुकू शकतं आणि त्यावरून काढलेलं वयही. शंका घ्यायची ती इथे.