हाताच्या भरतकामाला मशीनचा कागद विकणं बंद करा

पुण्यात रविवार पेठेत जा, बोहरी आळीत जा, तुळशीबागेत जा, नाहीतर घरबसल्या मागवा. ‘हाताच्या भरतकामाला खाली लावायचा स्टॅबिलायझर द्या’ म्हटलं, म्हणजे भरताना कापड चुरगळू नये म्हणून मागे लावायचा आधार मागितला, की समोर येते ती एकच पांढरी, खरखरीत गुंडाळी. किती वजनाचा? माहीत नाही. फाडायचा की कापायचा? माहीत नाही. पाण्यात विरघळतो का? ‘विरघळेल की ताई, सगळे हाच नेतात.’ विरघळेल की! महिना महिना डोळे फोडून भरलेल्या कुर्त्याच्या गळ्याखाली हा कागद बसणार आहे आणि विकणाऱ्याला तो कुठल्या जातीचा आहे एवढंही सांगता येत नाही. संताप येतो तो या बेफिकिरीचा.

तो कागद मशीनच्या भरतकामासाठी बनलेला असतो आणि तिथे तो चोख काम करतो. मशीनची सुई मिनिटाला शेकडो टाके मारते, वरचा आणि बॉबिनचा असे दोन दोरे कापडाला आत खेचतात, म्हणून खाली कडक आधार लागतो. सुईची भोकंही इतकी दाट पडतात की काम संपल्यावर कागद तिकिटासारखा कडेने सुटून येतो. हाताच्या टाक्यात यातलं काय असतं? साखळी टाक्यात दोन भोकांत तीन-चार मिलिमीटरचं अंतर. देठ टाक्यातही तेच. अशा विरळ भोकांवर कागद फाटत नाही, ओढावा लागतो. आणि ओढला की कागदाबरोबर टाकाही येतो.

सॅटिन टाक्याने भरलेलं एक पान घ्या. दोन पदरी दोरा, टाके शेजारी शेजारी बसवलेले, पानाच्या शिरेवर तिरक्या ओळीत. आता पाठीमागचा फाडायचा कागद खेचा. कडेचा निघतो. मधला निघत नाही, कारण सॅटिनचा दोरा मागूनही तितकाच भरलेला असतो आणि कागद त्याच्या आत अडकलेला असतो. चिमट्याने ओढलं की कापसासारखे पांढरे तंतू निघतात, टाके एकमेकांवर चढतात, पानाची कड दातेरी होते. अर्धा कागद आतच राहतो आणि पहिल्या धुण्यात त्याचा लगदा होतो. वर खरखरीत कागदातून दर टाक्याला दोरा घासून आलेला असतो, त्यामुळे त्याची चकाकीही गेलेली. एवढं सगळं करून बाईलाच ऐकवायचं की ‘तुमचा हात ओढाळ आहे’!

आधीच लावून बसला असाल तर निदान असं करा. टाक्यांवर अंगठा घट्ट दाबून धरा आणि कागद टाक्यांच्या दिशेने, कापडाला चिकटून, बोटभर बोटभर फाडा. दोन थर असतील तर एकेक थर वेगळा. सॅटिनच्या आतला काढायला जाऊच नका.

आता पाण्यात विरघळणारा. हा खरं तर हाताच्या कामाला सगळ्यात उपयोगी प्रकार. गडद कापडावर डिझाईन उतरवायचं असेल, टॉवेलच्या लवीत टाके बुडत असतील, जाळीवर भरायचं असेल तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. आणि नेमकं याच्याच बाबतीत बाजारात सगळ्यात मोठा गोंधळ. हा माल पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा असतो आणि तो सगळा एकाच तापमानाच्या पाण्यात विरघळत नाही. एक प्रकार साध्या गार पाण्यात, २० अंशाच्या आसपास विरघळतो. दुसऱ्याला ४० अंशांचं कोमट पाणी लागतं. तिसरा जवळजवळ उकळत्या, ९० अंशांच्या पाण्याशिवाय जागचा हलत नाही. दिसायला तिन्ही सारखे, पांढरे, कापडासारखे. पाकिटावर एक आकडा छापला की काम झालं. तो आकडा छापत नाहीत! मग ९० अंशांचा माल सुती कुर्त्यावर लागतो, गार पाण्यात तासभर ठेवूनही हलत नाही, शेवटी पाणी उकळावं लागतं आणि त्या पाण्यात लाल दोऱ्याचा रंग पांढऱ्या कापडावर उतरतो. लाल, मरून, गडद निळा, काळा, हे दोरे गरम पाण्याला कधी दगा देतील सांगता येत नाही. लोकरीचा फेल्ट असेल तर तो गरम पाण्यात आटून बसतो.

म्हणून कापडाला लावायच्या आधी दोन इंचाचा तुकडा वाटीभर नळाच्या पाण्यात टाका. गार पाण्याचा असेल तर मिनिट-दोन मिनिटांत तो मऊ पडून चिकट जेल होतो. तसाच तरंगत राहिला तर पाणी कोमट करा. तरीही हलला नाही, तर तो हाताच्या भरतकामाला नको, परत करा. डिसेंबर-जानेवारीत टाकीचं पाणी सकाळी फार गार असतं, तेव्हा चांगला मालही रेंगाळतो. त्या दिवसांत हाताला जेमतेम कोमट लागेल एवढं पाणी घ्या. आणि ज्या दोऱ्याने भरणार त्याचा वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघा, रंग लागतो का.

काढण्याची रीत कोणी सांगत नाही. आधी टाक्यांपासून तीन-चार मिलिमीटर सोडून जास्तीचा भाग कापून टाका, तेवढाच चिकटा कमी. मग पसरट टबात, कापडाची घडी न घालता, पंधरा-वीस मिनिटं बुडवा. चोळू नका. ते पाणी ओता, नवं घ्या, परत बुडवा. पाण्यात बोटं बुळबुळीत लागताहेत तोवर काम झालेलं नाही. एकाच पाण्यात बुचकळून वाळत घातलं की वाळल्यावर भरतकाम पापडासारखं कडक होतं, मग सगळे म्हणतात माल खराब. माल खराब नाही, तो अजून टाक्यांत आहे. परत बुडवा, निघेल. फक्त तो पुरता निघेपर्यंत इस्त्री लावू नका. गरम इस्त्रीखाली हा पदार्थ आकसतो, घट्ट होतो आणि नंतर पाण्यालाही सहजी दाद देत नाही. धुऊन वाळल्यावर जाड टॉवेलवर कापड उलटं ठेवून मागून इस्त्री करा, म्हणजे गाठीचे टाके चपटे होत नाहीत.

याच्यातलाच पाठीला गोंद असलेला प्रकार, ज्यावर डिझाईन छापता येतं, तो हल्ली प्रत्येक किटमध्ये असतो. प्रिंटरमधून काळीकुट्ट जाड रेघ मारतात आणि तीच शाई धुताना पांढऱ्या केसमेंटवर, म्हणजे जाडसर सुती कापडावर, करडी होऊन पसरते. रेघ फिकट करड्या रंगाची आणि केसाएवढी बारीक हवी, शाई इंकजेटची असली तर आधी एका तुकड्यावर धुऊन बघायला हवी. एवढी साधी गोष्ट किट बनवणाऱ्यांना कळत नाही? कापताना डिझाईनच्या बाहेर सेंटीमीटरभर सोडा आणि कोपरे गोल करा, टोकदार कोपरे दोरा अडकून उचलले जातात. सुईला गोंद लागून ती अडायला लागली की स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. सुई ओढून ओढून टाका घट्ट होतो आणि तिथेच कापड चुरगळतं.

टी-शर्टचा प्रकार तर वेगळाच. होजिअरी ताणली जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी तीस सेकंदांच्या व्हिडिओत काय दाखवतात? टी-शर्ट रिंगमध्ये ढोलकीसारखा ताणून बसवायचा आणि भरायला लागायचं. रिंग काढली की कापड मूळ जागी येतं, टाके येत नाहीत आणि फुलाभोवती सुरकुत्यांचं जाळं उरतं. ते इस्त्रीने जात नाही. धुतल्यावर वाढतं. व्हिडिओ तोवर संपलेला असतो.

होजिअरीला कापायचा, म्हणजे जास्तीचा भाग कापून बाकीचा कायम मागे राहणारा आधारच लागतो, आणि तोही हलका. मशीनवाले चौरस मीटरला ७०-८५ ग्रॅमचा देतात, हाताने भरताना तो सुईला पुठ्ठ्यासारखा लागतो आणि अंगात छातीवर टोचतो. ५० ग्रॅमच्या आतला मागा. नाहीतर निटेड फ्युजिंग, म्हणजे स्वतः थोडं ताणलं जाणारं, मागे डिंकाचे ठिपके असलेलं विणीचं कापड. टी-शर्ट आधी धुऊन घ्या, टेबलावर सैल, न ताणता पसरा, उलट बाजूला ठिपक्यांची बाजू खाली करून ठेवा, वर ओलसर सुती फडकं घाला आणि इस्त्री दाबा. फिरवायची नाही, दाबायची. दहा-बारा सेकंद, मग उचलून शेजारी. फिरवली की होजिअरी ताणली जाते आणि ताणलेल्या अवस्थेतच चिकटते. पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. भरून झाल्यावर न चिकटवलेला आधार टाक्यांपासून सेंटीमीटरभर सोडून गोलाईत कापा. टाक्यांना लागून कापला तर दोन धुण्यांत मागचे दोरे मोकळे.

फ्युजिंगला फुगे आले की दोष इस्त्रीला. खरी कारणं तीन. फ्युजिंग किंवा कापड आधी आटवलेलं नसतं, मग धुतल्यावर एक आटतं, दुसरं नाही. वोव्हन फ्युजिंग, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचं, कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजवून, न पिळता वाळवायचं, हे दुकानात एकही जण सांगत नाही. दुसरं, कोऱ्या सुती कापडाची गिरणीची खळ धुतलेली नसते आणि खळीवर डिंक धरत नाही. तिसरं, उभा धागा उभ्या धाग्याला जुळवलेला नसतो. कापड सरळ, फ्युजिंग उरेब, म्हणजे तिरकं, मग चौकोनी डिझाईन धुण्यातून पतंग होऊन बाहेर येतं.

एक क्रम मात्र भिंतीवर लिहून ठेवा. पाण्याने पुसणाऱ्या निळ्या पेनाने आधी डिझाईन काढलं आणि मग फ्युजिंगला इस्त्री केली, तर ती निळी रेघ उष्णतेने पक्की होते आणि जन्मभर राहते. आधी फ्युजिंग, मग रेघ. पेन विकणारा फ्युजिंगबद्दल बोलत नाही, फ्युजिंग विकणारा पेनाबद्दल बोलत नाही, कापड वाया जातं ते भरणारीचं. आणि आधार रिंगपेक्षा मोठा हवा. ६ इंची रिंगला निदान ८ इंची तुकडा, म्हणजे रिंग दोन्ही थर एकत्र धरते. मापून मापून ५ इंच कापून देणाऱ्यांनी एकदा स्वतः त्यावर भरून बघावं.

बक्रमबद्दल फार बोलायलाच नको. बक्रम म्हणजे खळ किंवा गोंद घालून कडक केलेलं कापड, ते कॉलरला आणि पिशवीला. त्यातून सुई आरपार ढकलताना बोटाला घट्टा पडतो, आणि धुतल्यावर कडकपणा गेला की आधारही गेला.

आणि रेशीम! खण, इरकल, पैठणीचा पदर, यांच्यावर भरायचंय म्हटल्यावरही पाण्यात विरघळणारा कागद पुढे सरकवतात. पैठणी टबात बुडवायची? रंग कुठे उतरेल, जरीचं काय होईल, याचा विचार तरी करा. तिथे पाण्याचं आणि चिकटवण्याचं काहीच नको. मागे ऑर्गंझा किंवा आधी धुऊन आटवलेली मलमल, धागा जुळवून, कच्च्या धावदोऱ्याने दर दोन इंचांवर टाचून घ्या. डिझाईनसाठी बटर पेपरवर रेघ सुईने टोचून त्या भोकांतून पांढऱ्या झिंक पावडरची छाप. रिंगच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळा आणि रात्री काम ठेवताना रिंग काढा, नाहीतर वळ पडतो. मणी, कुंदन लावलेल्या जॉर्जेटलाही हाच मलमलीचा आधार पुरतो. मीटरभर मलमल कुठल्याही कापडाच्या दुकानात मिळते, म्हणूनच बहुधा हा सल्ला कोणी देत नाही.

मांजरपाट, केसमेंट, खादी, लिनन, दोसुती यांना तर घट्ट रिंग असली की खाली काहीही लागत नाही. काहीही. तिथे चुरगळलं तर दोरा जास्त ओढला जातोय किंवा रिंगचा स्क्रू ढिला आहे. तरीही नव्याने शिकणाऱ्या मुलीच्या गळ्यात पहिल्याच दिवशी पाच मीटरची गुंडाळी मारतात, आणि तिला वाटतं भरतकामाला हे लागतंच.

शेवटची तक्रार साठवणीची. विरघळणारी फिल्म जूनपासून दुकानात उघडी टांगलेली असते. पुण्याच्या पावसाळी हवेत ती ओल ओढून घेते, लिबलिबीत होते, एकमेकीला चिकटते, उन्हाळ्यात वाळून तडकते. घरी आणली की झिप पिशवीत, हवा काढून, कपाटात ठेवा. दुकानदारांनो, तुम्हीही झाकून ठेवा, आणि गुंडाळीवर साध्या पेनाने चार गोष्टी लिहा: फाडायचा, कापायचा की विरघळणारा, ग्रॅम किती, पाणी किती अंशांचं, इस्त्री चालते का. मागणाऱ्याला दोन इंचाचा तुकडा कापून द्या. तेवढ्याने तुमची गुंडाळी संपत नाही.